शाळेची परसबाग : अकरा वांगी आणि एकतीस मुलं

खडूफळा | २४ सप्टेंबर, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३१, आम्ही दोघं शिक्षक. यंदा जुलैत पहिला बरा पाऊस झाल्यावर स्वयंपाकाच्या खोलीमागची जेमतेम अर्धा गुंठा जागा मुलांनी आणि आम्ही मिळून साफ केली. मेथी, लाल माठ, भेंडी, गवार, चवळी, वांग्याची तीसेक रोपं, कुंपणावर दुधी आणि दोडका. पाण्याचं म्हणाल तर हात धुवायच्या नळांखालून मुलांनी चर काढून ते पाणी वाफ्यात वळवलंय. जेवणाआधी आणि जेवणानंतर सगळ्यांनी हात धुतले की वांग्याच्या दोन ओळी भिजतात. आमच्या भागात ह्याला श्रीमंती म्हणतात.

तर अडचण बागेची नाही, वाटणीची आहे.

परवा वांग्यांची पहिली तोड केली. अकरा वांगी, ८४० ग्रॅम. (पोषण आहाराचा काटा हाताशी असतोच.) मी म्हटलं, आज मावशींना आमटीत घालायला देऊ. सगळे जेवले, पण दुसरीतली एक मुलगी ताटाकडं बघत बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, "सर, ह्यातलं माझं वांगं कुठलं?" मी म्हटलं, अगं सगळी सगळ्यांचीच. त्यावर, "मग माझ्या झाडापाशी मी तांबडा खडा कशाला ठिवला?" मुलांनी आपापल्या रोपाशी खुणेचे खडे ठेवलेत, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढ्यात चौथीवाल्यांनी तोंड उघडलं. "पाणी आमी घातलं, पहिलीवाली नुसती गांडुळं बघत हुती." पहिलीतनं लगेच उत्तर, "गांडुळं आमीच आणून टाकली हुती."

हिशेब असा. पहिली ते पाचवीला मुलामागं रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, म्हणजे आमच्या ३१ जणांना १५५० ग्रॅम. अर्ध्या गुंठ्यातून रोज दीड किलो निघणार नाही. मग जे थोडंथोडं निघेल ते भांड्यात घालायचं, घरी द्यायचं, की ज्यानं लावलं त्याचं? कुणी हे केलं असेल तर सांगा.

ताकभात | २४ सप्टेंबर, रात्री ९.३०

भरीत करा. भरतात कुणाचं वांगं कुठलं ते ब्रह्मदेवालाही ओळखता येत नाही :)

रानजाई | २४ सप्टेंबर, रात्री १०.४५

खडूफळा, धागा वाचून जव्हारची शाळा आठवली. मी तिथे सात वर्षं होते, आता निवृत्त.

आम्ही पहिल्या वर्षी प्रत्येकाला आपापला वाफा दिला होता. दीड हात लांब, एक हात रुंद, वर नावाची पाटी. कागदावर फार छान दिसत होतं. झालं असं की नळाजवळच्या वाफ्यांना पाणी भरपूर आणि शेवटच्या चार वाफ्यांत मेथी उगवलीच नाही. ज्या मुलाची मेथी उगवली नाही तो रोज मधल्या सुट्टीत जाऊन माती उकरून बी शोधायचा. उकरल्यामुळे जे उगवलं असतं तेही गेलं. आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं निघाली, तेव्हा पाच वाफे एका दिवसात पोरके झाले. ते कुणी घ्यायचे ह्यावरून जी भांडणं झाली, ती तुमच्या वांग्यांपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या वर्षी वाफे सगळ्यांचे केले आणि कामं आठवड्याने बदलती ठेवली. पण तुमच्या त्या मुलीचा खडा मात्र काढू नका. रोप तिचं असू दे, वांगं सगळ्यांचं. लहान मुलांना हा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर समजतो.

अजून एक सांगते, त्यात माझीच फजिती आहे. पहिल्या पावसानंतर मी मुलांना "सगळं तण काढा" म्हणून सांगितलं आणि कार्यालयात जाऊन बसले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन बघते तर वाफा तसाच आणि सगळी पोरं उभी. एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात तण नाही. हा टाकळा आहे, हा कुर्डू आहे. आई भाजी करते." मी उपटायला सांगत होते ती जेवायची भाजी होती! त्या दिवशी कोवळा टाकळा निवडून खिचडीबरोबर खाल्ला. त्या वर्षीची पहिली तोड आम्ही न पेरलेल्या भाजीची होती.

सडेतोड | २५ सप्टेंबर, सकाळी ७.०५

सगळे कौतुक करताहेत म्हणून मी विरजण घालतो.

मी ऐंशीच्या दशकात खेडेगावातल्या शाळेत शिकलो. आमच्याकडेही बाग होती. दर शनिवारी आम्ही शेण वाहायचो, विहिरीवरून कळशा आणायचो. भाजी कुठे जायची? हेडमास्तरांच्या घरी. फुलं साहेबांच्या सत्काराला. आम्हाला वर्षभरात एक काकडी मिळाली, तीही चोरून, आणि त्याबद्दल छड्या खाल्ल्या.

शेतकऱ्याच्या पोरांना पुन्हा खुरपंच हातात द्यायचं असेल तर आईबापांनी शाळेत कशाला घालायचं? शहरातल्या शाळांत मातीत हात घालणं हा 'अनुभव' असतो, गावात ते काम असतं. आणि वरून परसबागेचा फोटो मागितला जातो म्हणून हे सगळं चाललं असेल तर बोलणंच खुंटलं.

खडूफळा | २५ सप्टेंबर, दुपारी २.२०

सडेतोड, राग नाही. फोटो मागतात हे खरं, आणि फोटोपुरत्या बागाही मी पाहिल्यात. आदल्या दिवशी विकतची रोपं खोचायची, चार दिवसांनी शेळ्या सोडायच्या.

तुमचा आक्षेप आमच्या इथल्या एका बापानं मला तोंडावर ऐकवला. म्हणाला, "गुरुजी, खुरपायला मी शिकवतो की, तुमी त्याला इंग्रजी शिकवा." मी गप्प बसलो. म्हणून आता काम दिवसाला वीस मिनिटं, त्यातही ज्याला नको त्यानं नोंदवही सांभाळायची. रोपाची उंची मोजणं, कळ्या मोजणं, तारीख लिहिणं.

घरी नेण्याबद्दल एक कबुली. मागच्या आठवड्यात मी माठाची एक जुडी पिशवीत टाकली. लहान बाळ आहे घरी, बायको म्हणाली होती. गाडीला किक मारणार तेवढ्यात पहिलीतला एक चिमुरडा पुढं आला, "सर, वहीत तुमचं नाव लिवलं का?" परत आत गेलो, नाव लिहिलं, पुढं 'माठ, १ जुडी' लिहिलं. तुमच्या हेडमास्तरांच्या वेळी अशी वही असती तर!

काळीकसदार | २५ सप्टेंबर, रात्री ८.५०

वाटणीचं तुम्ही लोक पाहा, मी पिकाचं सांगतो. वर्धेकडचा शेतकरी आहे, कापूस-तुरीचा, पण भाजीचे वाफे घरचेच.

तुमचं अर्धं भांडण पेरणीत आहे. मेथी सगळी एकाच दिवशी टाकली असणार. मग ती पंचवीस-तीस दिवसांत सगळी एकदम येते, दोन दिवस ढीग आणि मग महिनाभर ठणठणाट. दर आठ-दहा दिवसांनी एकच ओळ टाका. कोथिंबिरीचंही तेच, फक्त धणे चपलेखाली रगडून दोन फोडी करून टाका. (ते काम पोरांना द्या, फार आवडतं.) भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. शनिवारी राहिली की सोमवारी ती लाकूड झाली म्हणून समजा.

आता दुधीचं. पुढच्या धाग्यात तुम्ही विचारणारच की फुलं भरपूर येतात आणि फळ धरत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. दोडक्याचंही तसंच, दिवस कलल्यावर. तेव्हा मधमाशी घरी गेलेली असते आणि तुमची शाळाही सुटलेली असते. रात्रीचे पतंग येतात, नाही आले तर हातानं परागीभवन करावं लागतं. ज्या फुलामागं बोटाएवढा लव असलेला इवलासा दुधी असतो ते मादी फूल, ज्याला नुसता लांब देठ ते नर. नराच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या तोंडावर हळूच फिरवायचा. झालं.

पोरांना शाळेच्या वेळेत हे दाखवायचं असेल तर लाल भोपळा लावा. त्याचं फूल सकाळी उमलतं, प्रार्थनेच्या वेळी अगदी ताजं असतं.

चवळीवर मावा आला असेल (येतोच), तर सकाळी दव असताना चुलीची राख उडवा. जास्त असेल तर निंबोळी अर्क. पण शाळेत पोरांच्या हाती विषारी औषध अजिबात नको, मग भाजी गेली तरी चालेल.

बेएरियाकाकू | २६ सप्टेंबर, पहाटे ५.४०

इथे कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये राज्याच्या शिक्षणप्रमुखांनी 'प्रत्येक शाळेत बाग' असं धोरण मांडलं होतं. माझ्या मुलीच्या प्राथमिक शाळेतही लाकडी चौकटीत माती भरून केलेले सहा वाफे आहेत. मी दोन वर्षं गुरुवारी मदतीला जाते.

आमच्याकडे बागेतलं सहसा शाळेच्या स्वयंपाकघरात जात नाही. मुलं तिथेच धुऊन चाखतात आणि जास्त असेल ते शुक्रवारी फाटकापाशी टेबलावर मांडतात, ज्याला हवं त्याने न्यावं. काय होतं सांगू? टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी दोन मिनिटांत संपतात आणि केल नावाचा पाला तसाच पडून राहतो, मग तो दरवेळी मीच घरी आणते. आता केलचीच भजी करते, नवरा नाक न मुरडता खातो.

एका वाफ्यात मका, वेलाचा घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. ही इथल्या मूळ रहिवाशांची जुनी पद्धत, 'तीन बहिणी' म्हणतात. मक्यावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. मी शिक्षिकेला म्हटलं, आमची आजी बाजरीत मटकी-हुलगा टाकायची, तेही बहिणींसारखंच. तिने ते मुलांसमोर मला पुन्हा सांगायला लावलं. बाजरी म्हणजे काय हे सांगण्यातच तास संपला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालायला घराघरांची पाळी लावतात, आठवड्याला एक कुटुंब. तुमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीसाठी जमेल का?

आगरातला | २६ सप्टेंबर, सकाळी ११.१५

तुम्ही वाटणीवरून भांडताय, आमच्याकडे वाटणी माकडं करतात. रत्नागिरीकडची शाळा. पडवळ, काकडी, चिबूड, सगळं गेलं. मुलांनी केलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसून एका माकडानं काकडी खाल्ली, हे मी स्वतः पाहिलंय. हळदीला मात्र हात लावत नाहीत, म्हणून आता हळद आणि हातपाय धुतात तिथं अळू. अळूचं फतफतं आठवड्याला एकदा ठरलेलं.

एकदा गणपतीच्या सुट्टीवरून परत आलो तर पानांआड लपलेली घोसाळी हातभर वाढून आत जाळी धरलेली. खायच्या कामाची नाहीत. तशीच वेलावर वाळवली, साल काढली आणि प्रत्येक वर्गाला दोन-दोन वाटली. वर्षभर फळा त्यानंच पुसला. एकाही मुलानं 'माझं कुठलं' म्हणून विचारलं नाही. न खायच्या वस्तूची वाटणी सोपी असते बहुतेक.

जुनीपाटी | २६ सप्टेंबर, रात्री १०.०२

सडेतोड ह्यांचा मुद्दा जुना आहे आणि जुना आहे म्हणून खोटा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तिथून 'नई तालीम'चा आराखडा पुढे आला. गांधीजींचं म्हणणं होतं की हातानं करायचं काम हाच शिकवण्याचा मार्ग असावा, आणि मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्चही निघावा. ह्या दुसऱ्या अर्ध्यावर तेव्हाही टीका झाली, की अशानं शाळेचा कारखाना होईल आणि मुलं मजूर. मला ती टीका पटते, आणि पहिलं अर्धंही पटतं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं भाजी पिकवतात, आणि तिथं शेतीचं काम गणित-विज्ञानाला जोडलेलं असतं. कामातून शिकणं कुठं संपतं आणि राबवून घेणं कुठं सुरू होतं, ते माल कुणाच्या घरी जातो ह्यावरून कळतं. त्यामुळं खडूफळांची ती वही मला बागेपेक्षा महत्त्वाची वाटते.

बाकी संदर्भापुरतं : शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी कोरडा तांदूळ घरी मिळायचा. शिजवलेलं अन्न द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा. शाळांतल्या परसबागांबाबत केंद्राच्या सूचना २०१९ मध्ये आल्या, आणि २०२१ मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं. थोडक्यात, धान्य घरी द्यायचं की शाळेत शिजवायचं हा वाद आपल्याकडं वांग्यांच्या आधी तांदळावरून होऊन गेलेला आहे.

चुलीपाशी | २७ सप्टेंबर, दुपारी ३.३३

एवढे प्रतिसाद झाले, पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींना कुणी विचारलं का? माझी आई अशाच शाळेत खिचडी शिजवायची. वांगी ठीक आहेत, चिरली की झालं. पण कौतुकानं आणलेली मातीनं भरलेली मेथी? तीन पाण्यांतून धुवा, निवडा, तेही एकटीनं, तुटपुंज्या मानधनात. गुरुजी फोटो काढून वर्गात जायचे आणि आई मेथीच्या ढिगापुढं.

आणि दुसरं, खणायला मुलगे आणि शेण-झाडलोट मुलींकडं, असं तर नाही ना तुमच्याकडं?

सडेतोड | २७ सप्टेंबर, सायंकाळी ६.१०

चुलीपाशी, शंभर टक्के अनुमोदन. आता उत्तर येऊ द्या.

खडूफळा | २७ सप्टेंबर, रात्री ९.४८

पकडलंत. शेणाच्या पाट्या सगळ्या मुलीच वाहत होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं. आज पाळीपत्रक लावलं. चौथीतल्या दोन पोरांनी नाकाला रुमाल बांधून पाटी उचलली. मुली पोट धरून हसत होत्या.

मावशींना आज पहिल्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, "भाजी चांगली हाय, पन निवडून द्या." तेवढंच. उद्यापासून शेवटच्या तासाला गोष्ट सांगताना मुलं गोल बसून दुसऱ्या दिवसाची मेथी निवडतील. बाकी सगळ्यांचं वाचून मुलांपुढं मांडतो, ठरवू दे त्यांनाच.

खडूफळा | १९ नोव्हेंबर, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. दिवाळीची सुट्टी संपली, बाग जिवंत आहे. बेएरियाकाकूंची पाळीची युक्ती चालली. आठवडा कुणालाच जमेना म्हणून दोन-दोन दिवस केले. दुधी मात्र एकच धरला, तोही पोरांनी संध्याकाळी कुंपणावरून उडी मारून परागीभवन केलं तेव्हा.

वाटणीचं मुलांनी ठरवलं ते असं. तोड दीड किलोच्या वर गेली तर भांड्यात. कमी असेल तर घरी, पण वहीतल्या नावांच्या क्रमानं, रोज जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांनाच. गैरहजर असेल त्याचा नंबर जात नाही, थांबतो. हे शेवटचं कलम पहिलीतल्या एका मुलीचं, तिला सारखा ताप येतो.

चौथीनं ती पहिली ८४० ग्रॅम वांगीही फळ्यावर ३१ नं भागून पाहिली. प्रत्येकी २७ ग्रॅम, बाकी ३. बाकीचं काय करायचं? "ते द्याठ असत्याल सर," आणि देठ शेळीला. वाद मिटला.

आता एक अडलंय. आमच्याकडं तीन मुलं मेंढपाळांची. दिवाळी झाली की घरच्यांबरोबर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात, परत येतात ती पावसाच्या तोंडावर. त्यातल्या तिसरीतल्या एकानं चवळीची सगळी ओळ स्वतः टोकली होती. त्याचा नंबर वहीत अठरावा होता आणि वाटणी सोळाव्यापर्यंत आलेली असताना ती मंडळी गेली. मुलं म्हणतात त्याची वाटणी ठेवायची. मी म्हटलं, अरे जूनपर्यंत चवळीची शेंग कशी ठेवणार? तर त्या तांबड्या खड्याच्या मुलीनं वेलावर वाळलेल्या शेंगा फोडून दाणे काढले. आता ते कार्यालयातल्या कपाटात, हजेरीपटाशेजारी, त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या काचेच्या बाटलीत आहेत. १४० दाणे, तीनदा मोजलेत.

भुंगा लागू नये म्हणून काय घालू? कडुनिंबाचा पाला की राख?

रानजाई | १९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

राख. गोवरीची असेल तर उत्तम, पण पूर्ण गार झालेली आणि चाळलेली. आधी दाणे दोन दिवस उन्हात वाळवा, दाताखाली कट्कन वाजला पाहिजे. बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका.

काळीकसदार | १९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बरोबर. आणि दाणे वाळवताना मोजलेले १४० च राहतील ह्याकडं लक्ष ठेवा, चिमण्या वाटणी मागत नाहीत.